वीजघर आणि सूर

आपल्या बैठकींत गवई आधीं तंबोरा जुळवितो. खुंटी पिळली, मणी सरकविला, कीं सूर त्याच्या ताब्यांत येतो. परंतु ज्या वाद्याची खुंटी वादकाच्या हातीं नसून दूरच्या वीजघरांत आहे, त्याचा सूर राखावा कसा? या प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

तें वाद्य म्हणजे शिकागोच्या लॉरेन्स हॅमंड यांचा विजेचा ऑर्गन. हॅमंड यांचा मूळ धंदा घड्याळांचा. १९२८ सालीं त्यांनीं विजेच्या घड्याळांचा कारखाना काढला होता. ऑर्गनचें पेटंट त्यांस १९३४ सालीं मिळालें आणि पुढल्याच वर्षीं वाद्य बाजारांत आलें. त्याच्या पोटांत दातेरी चक्रें चुंबकांसमोर फिरतात व त्यांतून स्वर उपजतात. बहुतेक नमुन्यांत हीं चक्रें ९१ असत. तीं फिरविणारी मोटर घड्याळांतल्याच जातीची. ती विजेच्या आवर्तनांशीं पाऊल जुळवून चालते.

या जातीचा गुण असा कीं, विजेचा दाब थोडा उतरून दिवे मंदावले तरी तिची गति ढळत नाहीं. दोष असा कीं, आवर्तनेंच चुकलीं तर सर्व स्वर एकदम चुकतात. अमेरिकेंत सेकंदास ६० आवर्तनें, तर आपल्याकडे ५०. तिकडचा ऑर्गन जसाच्या तसा येथें लावला, तर कोमल गंधार दाबावा आणि जवळजवळ षड्ज ऐकूं यावा! म्हणून ५० आवर्तनांच्या देशांकरितां निराळी योजना करावी लागे. ५० चीं ४८ झालीं, तरी अर्धस्वराच्या दोनतृतीयांशाहून अधिक उतार पडतो. मग साथीचा व्हायोलिनवाला काय करणार?

यावरचा खरा उपाय वाद्य जन्मण्यापूर्वींच निघाला होता. मॅसॅच्युसेट्समधील हेन्री वॉरन यांचीं विजेचीं घड्याळें वेळ चुकूं लागलीं, तेव्हां दोष घड्याळाचा नसून वीजघराचा आहे, हें त्यांनीं ओळखलें. १९१६ सालीं बोस्टनच्या वीजघरांत त्यांनीं एक मुख्य घड्याळ बसविलें. त्यांत एक कांटा लंबकावर चाले, दुसरा विजेवर. दोन्ही कांटे बरोबर राहतील अशा बेतानें कामगारानें यंत्राची गति सांभाळावयाची, एवढाच नियम! वेळेसाठीं केलेली ही सोय पुढें संगीताच्या कामीं आली.

उरला मोटरचा स्वतःचा सूक्ष्म कंप. तो स्वरांत उतरूं नये म्हणून हॅमंड यांनीं मोटर व चक्रें यांमध्यें लवचिक स्प्रिंगांचे जोड घातले.

मिळून काय, वाद्याचें रक्षण दोन ठिकाणीं झालें: कांहीं पेटीच्या आंत, पण अधिक भाग पेटीपासून दूर, संगीताशीं कसलाही संबंध नसलेल्या माणसाच्या दक्षतेंत. मैफलींत त्याचें नांव कोणी घेत नाहीं; परंतु त्याची नजर कांट्यावरून ढळली असती, तर वादकाची वर्षांची तपश्चर्याही तो सूर सांवरूं शकली नसती.