वडिलांचा चेंडू

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. आपल्या क्रिकेटमधल्या गोलंदाजासारखंच त्याचं काम. क्युबातल्या तियांत कुटुंबात असे दोन पिचर होऊन गेले, वडील आणि मुलगा. दोघांचंही नाव लुईस.

थोरले लुईस डावखुरे. हिवाळ्यात ते क्युबात खेळत आणि उन्हाळ्यात अमेरिकेत, 'न्यूयॉर्क क्युबन्स' या संघाकडून. पण हा संघ कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या 'निग्रो लीग'मधला. गोऱ्यांच्या मेजर लीगची दारं या गुणी गोलंदाजाला बंद होती. १९४७ साली जॅकी रॉबिन्सननं ती दारं उघडली. त्याच वर्षी क्युबन्स आपल्या लीगचे अजिंक्यवीर ठरले आणि थोरल्या लुईसचा तिथला शेवटचा हंगामही तोच. वय चाळिशीला पोचलं होतं. दार उघडलं, पण उशिरा.

म्हणूनच १९४० साली जन्मलेल्या आपल्या एकुलत्या एक मुलानं या खेळात पडावं, असं त्यांना वाटत नव्हतं. मुलगा मात्र खेळलाच. १९६१ साली तो मेक्सिकोत होता. क्युबा आणि अमेरिका यांचे संबंध तुटले होते, क्युबात व्यावसायिक खेळ बंद होत होता. वडिलांनी कळवलं, परत येऊ नकोस.

१९६४ साली धाकट्या लुईसनं मेजर लीगमधल्या पहिल्याच सामन्यात बलाढ्य यांकीज संघाला एकही धाव करू दिली नाही. ते पाहायला वडील नव्हते.

पुढे मुलगा बोस्टनच्या रेड सॉक्स संघात गेला. १९७५ साली सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न क्युबाला गेले, तेव्हा त्यांनी फिडेल कॅस्ट्रोंकडे या आईवडिलांसाठी शब्द टाकला. परवानगी मिळाली. तब्बल चौदा वर्षांनी बापलेक भेटले. २६ ऑगस्टला बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर सामन्याचा मानाचा पहिला चेंडू थोरल्या लुईसनी टाकला. मेजर लीगमध्ये स्वतः खेळायची संधी मात्र त्यांना कधीच मिळाली नव्हती. त्याच ऑक्टोबरात जागतिक मालिकेच्या पहिल्या सामन्यात मुलानं सिनसिनाटीला शून्यावर रोखलं. या वेळी वडील पाहत होते.

डिसेंबर १९७६ मध्ये वडील गेले. दोनच दिवसांत आईही गेली. मुलाला मायभूमीचं दर्शन घडलं ते २००७ साली, ४६ वर्षांनी. २०२४ मध्ये तोही गेला. मेजर लीगच्या दप्तरात त्याच्या नावावर २२९ विजय आहेत. हात मात्र वडिलांचा होता.