इंधनदाबाचे नियमन आणि कारागिराचा हात : मराठवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तावना

मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासलेखनात यंत्रे येतात ती बहुधा संख्या म्हणून. विहिरीवर किती इंजिने आली, रस्त्यावर किती मोटारसायकली धावू लागल्या, याची कोष्टके तयार होतात. ही यंत्रे चालू ठेवणारे ज्ञान कोणाच्या हाती होते आणि ते कधी व कसे हातातून गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्यासाठी एक अगदी लहान सुटा भाग निवडला आहे. तो म्हणजे इंधनदाब नियंत्रक, गॅरेजच्या बोलीत ‘प्रेशर रेग्युलेटर’. अधिक शक्ती काढण्यासाठी तयार केलेल्या इंजिनात हा भाग कसा निवडला व बसविला जातो हे पाहिले, की दाब ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे हेही उलगडते.

स्क्रू, स्प्रिंग आणि शिम

बीडसारख्या जिल्ह्यात इंधनदाबाची पहिली ओळख पेट्रोल इंजिनातून झाली नाही. ती झाली मोटेची जागा घेणाऱ्या डिझेल इंजिनातून. साताऱ्यात धनजीशहा कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकाच्या आरंभी देशी डिझेल इंजिन तयार झाले. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते.) १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्याजवळ खडकीत उभी राहिली. या जातीच्या लहान इंजिनांत नोझल उघडण्याचा दाब साधारणपणे २०० बारच्या आसपास असतो. तो ठरतो नोझलमागील स्प्रिंगच्या ताणावर. काही बनावटीत स्क्रू फिरवून, तर काहीत स्प्रिंगखाली पातळ शिम टाकून हा ताण बदलता येतो. हातपंपाच्या टेस्टरवर नोझल चढवायचे, काट्याकडे पाहायचे, फवारा धुक्यासारखा फुटतो की धार पडते ते निरखायचे, एवढ्या सामग्रीवर तालुक्याच्या गावी हे काम होत असे. आजही होते.

पेट्रोलच्या दुचाकीत मात्र दाब जवळजवळ नव्हताच. टाकीतून कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरते. ३० सेंटिमीटर उंचीच्या पेट्रोलचा दाब जेमतेम ०.०२ बार भरतो, आणि तेवढ्याचे नियमन फ्लोट व त्याची पिन करतात. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात हाच दाब सुमारे ३ बार, म्हणजे शंभरपटीहून अधिक होतो. कार्ब्युरेटर खोलून जेट साफ करणाऱ्या मिस्त्रीला हे सर्वस्वी नवे यंत्र वाटले यात नवल नाही.

नियंत्रकाची रचना व निवड

इंजेक्टर हे एक ठरावीक काळ उघडणारे छिद्र आहे. त्यातून किती पेट्रोल जाईल हे छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकाच्या वर्गमुळावर अवलंबून असते. एका बाजूला फ्युएल रेल, दुसऱ्या बाजूला इनटेक मॅनिफोल्ड. मॅनिफोल्डमधील दाब थ्रॉटलनुसार सतत बदलत असल्याने फरक स्थिर ठेवायचा तर रेलमधील दाबही त्याच्याबरोबर वरखाली व्हायला हवा. नियंत्रकात एक डायफ्राम असतो. त्याच्या एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला स्प्रिंग आणि मॅनिफोल्डकडून आलेली बारीक नळी. दाब वाढला की डायफ्राम सरकतो, झडप उघडते आणि जादा पेट्रोल टाकीकडे परत जाते.

नेहमीच्या गाडीला कारखान्याने बसविलेला नियंत्रक पुरतो. टर्बोचार्जर बसविलेल्या वा शर्यतीच्या इंजिनाचे गणित वेगळे. मॅनिफोल्डमध्ये १ बार जादा दाब भरला, तर रेलमध्ये ३ ऐवजी ४ बार हवा. तो ३ वरच राहिला तर फरक २ बार उरतो आणि इंजेक्टरमधून येणारे पेट्रोल सुमारे १८ टक्क्यांनी घटते. मिश्रण विरळ होते, इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टनचा माथा जळतो. म्हणूनच नियंत्रक निवडताना परतीच्या वाटेची क्षमता आधी पाहावी, चकाकी नंतर. इंजिन मंद चालत असताना मोठ्या पंपाचे जवळजवळ सर्व पेट्रोल याच वाटेने परतते. वाट अरुंद असेल तर स्क्रू कितीही सैल केला तरी दाब खाली उतरत नाही. हवा तो दाब नियंत्रकाच्या पल्ल्यात असावा आणि डायफ्राम इथेनॉल सोसणारा असावा, हेही पाहावे लागते.

बसविताना नियंत्रक शक्यतो रेलच्या पुढे, परतीच्या मार्गावर ठेवतात. नंतर दाबमापक जोडून इंजिन मंद चालू ठेवायचे, मॅनिफोल्डची नळी काढून तिचे तोंड बंद करायचे आणि स्क्रू फिरवून मूळ दाब ३ बारवर आणायचा. लॉकनट आवळून नळी पुन्हा जोडली की मापकाचा काटा अर्ध्या बारहून काहीसा अधिक खाली येतो. तो खाली आला नाही तर नळी फुटली आहे किंवा डायफ्राम गेला आहे. नळीत पेट्रोलचा वास आला तर डायफ्राम गेलाच.

या भागाचा इतिहास सरळ रेषेत पुढे गेलेला नाही. १९६७ मध्ये बॉशच्या डी-जेट्रॉनिक प्रणालीत सुमारे २ बारचा स्थिर दाब होता. मॅनिफोल्डचा दाब वेगळा संवेदक मोजे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हिशेब करी. १९७०च्या दशकातील एल-जेट्रॉनिकमध्ये तो हिशेब नियंत्रकाच्या डायफ्रामकडे आला. आजच्या दुचाकींत नियंत्रक टाकीतच पंपाजवळ बंदिस्त असतो, दाब पुन्हा स्थिर आणि हिशेब पुन्हा संगणकाकडे. १९६७ ची कल्पनाच नव्या वेषात परत आली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

पल्सर २२० : एक उलटसुलट प्रवास

मराठवाड्याच्या संदर्भात याचे बोलके उदाहरण बजाज ऑटोचे आहे. या कंपनीचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. कंपनीने २००७ मध्ये फ्युएल इंजेक्शन असलेली पल्सर २२० बाजारात आणली. २००९ मध्ये तीच गाडी कार्ब्युरेटरसह, कमी किमतीत आली आणि तिची शक्ती घटण्याऐवजी २० वरून २१ अश्वशक्तीच्या आसपास गेली. नवे तंत्र आले की जुने मागे पडते, हा आपला रूढ समज येथे टिकत नाही. किंमत आणि दुरुस्तीची सोय यांनी तंत्रज्ञानाला मागे ओढले, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ते गैर नव्हते. पुढे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर याच गाडीला पुन्हा इंजेक्शन आले. या वेळी निर्णय कायद्याने केला होता. मिस्त्रीच्या दृष्टीने फरक एवढाच, की २००९ च्या गाडीत फिरवायला स्क्रू होता आणि २०२० च्या गाडीत तो उरला नाही.

इथेनॉल आणि हरवलेला स्क्रू

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. येथील कुटुंबे दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाऊन जो ऊस तोडतात, त्याचा रस व मळी यांतून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळले जाते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी सुमारे ९ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. हे केवळ दाबाने साधायचे ठरविले तर, वर्गमुळाच्या नियमाने, ३ बारचे सुमारे ३.५ बार करावे लागतील. शर्यतीच्या इंजिनावर स्क्रूचा नियंत्रक असेल तर हे दहा मिनिटांचे काम आहे. नव्या गाडीत ऑक्सिजन संवेदक आणि संगणक मंद व मध्यम वेगात ही भरपाई स्वतः करतात. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मात्र बहुतेक प्रणाली कारखान्यात भरलेल्या आकड्यांवरच चालतात. ते आकडे बदलण्याचे साधन तालुक्याच्या गॅरेजात नसते. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ सुरू केले त्यात शेती अवजारे आणि वाहने ही दोन्ही क्षेत्रे आहेत. नोझलचा टेस्टर आणि इंजेक्शनची दुचाकी एकाच गॅरेजात शेजारी शेजारी उभी असते, तेथे या हक्काचा अर्थ काय लावला जातो, हे मिस्त्रींच्या मुलाखतींतून नोंदवून ठेवण्याचे काम आपल्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांना करता येण्यासारखे आहे. टेस्टर वापरणारी पिढी अद्याप कामावर आहे.