बिनतारी जाळें आणि घरची भिंत

भिंत ही मनुष्याच्या फार जुन्या सोयींपैकीं एक होय. ऊन, वारा, पाऊस आणि परक्याची नजर यांना बाहेर ठेवण्यासाठीं ती उभारली गेली, आणि हजारों वर्षें तिच्याविषयीं कोणाची तक्रार नव्हती. अलीकडे मात्र शहरांतील घरोघरीं तिच्याविरुद्ध कुरकुर ऐकूं येऊं लागली आहे. इंटरनेटची तार बाहेरच्या खोलींत येते; तेथें बसविलेला राउटर त्या खोलीपुरता उत्तम काम देतो; पण आंतल्या खोलींत अभ्यासास बसलेल्या मुलाचा वर्ग मध्येंच तुटतो, आणि आजोबांचें परदेशांतील नातवाशीं चाललेलें बोलणें अर्ध्यावर थांबतें. अशा वेळीं गृहस्थाच्या मनांत पहिला विचार येतो तो अधिक जोरदार यंत्र विकत आणण्याचा. हा विचार स्वाभाविक आहे. परंतु बिनतारी जाळ्याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर त्यांतून निराळाच बोध होतो. या विद्येंत जी प्रगति झाली ती आवाज चढवून फारशी झालेली नाहीं. पाळी सांभाळून, प्रतिध्वनि ओळखून, दिशा धरून आणि योग्य जागीं टप्पे ठेवून झालेली आहे.

विद्युच्चुंबकीय लहरी भिंतींतून पार जातात, हें कलकत्त्याच्या नागरिकांनीं १८९५ मध्येंच प्रत्यक्ष पाहिलें होतें. तेथील टाऊन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं सोडलेल्या लहरींनीं मधल्या भिंती ओलांडून दूरच्या खोलींतील घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. म्हणजे भिंत ही लहरींना बंद दरवाजा नव्हे. ती जकातनाक्यासारखी आहे. ती जाऊं देते, पण जातां जातां वसुली करते. साध्या विटेची भिंत थोडें घेते, लोखंडी सळ्या घातलेली काँक्रीटची भिंत पुष्कळ घेते, आणि धातूचें कपाट किंवा मोठा आरसा तर लहरींना बहुधा परतवूनच लावतो.

संगणकांचें बिनतारी जाळें प्रथम नांवारूपास आलें तें कोणाच्या घरांत नव्हे, तर पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांत. तेथील विद्यापीठाच्या शाखा निरनिराळ्या बेटांवर विखुरलेल्या होत्या आणि मुख्य संगणक होनोलुलूस होता. नॉर्मन अब्रॅम्सन व त्यांचे सहकारी यांनीं १९७१ च्या जून महिन्यांत ‘अलोहानेट’ या नांवाची योजना सुरू केली. तिचा नियम एखाद्या मोठ्या कुटुंबांतल्या पंगतीसारखा साधा होता. ज्याला कांहीं सांगावयाचें असेल त्यानें सांगावें. पलीकडून पोंच आली नाहीं, तर दोघांचें बोलणें एकमेकांवर आदळलें असें समजावें, आणि थोडा वेळ थांबून तेंच पुन्हा सांगावें. हा थांबण्याचा वेळ मात्र प्रत्येकानें निराळा, यदृच्छेनें ठरवावा. नाहीं तर दोघे पुन्हा एकाच क्षणीं बोलावयास लागतील. या पद्धतींत उपलब्ध वेळेपैकीं फार तर १८ टक्के वेळच सत्कारणीं लागूं शकतो, असें गणितानें दिसून आलें. पुढें १९७३ मध्यें अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ यांनीं हीच कल्पना तारेवर आणली, आणि ‘बोलण्यापूर्वीं ऐकावें’ हा नियम ‘इथरनेट’ या जाळ्याचें वैशिष्ट्य ठरला.

घरांतील राउटर अद्याप याच शिष्टाचारानें वागतो. तो अगोदर ऐकतो, दुसरा कोणी बोलत असल्यास थांबतो, मग बोलतो आणि पोंचेची वाट पाहतो. यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. शेजाऱ्याचा राउटर हाही त्याच रांगेंतला एक इसम असतो, आणि मोठ्यानें ओरडल्यानें रांग लहान होत नाहीं.

परंतु ही रांग लागावी कोठें, हा प्रश्न तंत्राचा नसून कायद्याचा होता. लहरींचे पट्टे प्रत्येक सरकार परवान्यानें वांटून देत असे. १९४७ मध्यें अटलांटिक सिटी येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत उद्योग, विज्ञान व वैद्यक यांतील यंत्रांसाठीं कांहीं पट्टे बाजूला काढण्यांत आले. २.४ गिगॅहर्ट्झच्या आसपासचा पट्टा हा त्यांतलाच होय, आणि अन्न तापविणारी मायक्रोवेव्ह भट्टी तेथेंच आपली गडबड करीत असते. अशा कोलाहलांत संदेशवहन कोण करणार, म्हणून हा प्रदेश पडीक समजला जाई. अमेरिकन दळणवळण आयोगांतील मायकेल मार्कस या अभियंत्यानें निराळी सूचना पुढें रेटली: संदेश अरुंद पट्टींत न कोंबतां विस्तृत पट्ट्यावर पसरून पाठवावा, म्हणजे गोंगाटाचा उपद्रव कमी होईल. ९ मे १९८५ रोजीं आयोगानें हे पट्टे या कामासाठीं परवान्यावांचून खुले केले. अट अशी कीं, प्रक्षेपकाची शक्ति एक वॅटहून अधिक नसावी. गांवच्या गायरानांत सर्वांनीं गुरें चारावीत, पण कोणीं एकट्यानेंच तें व्यापूं नये, असाच हा न्याय होता.

या गायरानाचा लाभ प्रथम ज्यांनीं घेतला त्यांत दुकानांचीं हिशेबयंत्रें करणारी एनसीआर ही कंपनी होती. दुकानाची मांडणी बदलली कीं प्रत्येक यंत्राची तार उखडून पुन्हा बसवावी लागे. ही कटकट टाळण्यासाठीं त्या कंपनीच्या नेदरलँड्समधील अभियंत्यांनीं बिनतारी जोडणी तयार केली. मात्र एका कंपनीचें यंत्र दुसरीच्या यंत्राशीं बोलेना, तर जाळें कसलें? म्हणून १९९० मध्यें सर्वसंमत नियम ठरविण्यासाठीं समिति नेमण्यांत आली व तिचें अध्यक्षपद याच कंपनीतील व्हिक्टर हेझ यांच्याकडे आलें. नियम सिद्ध होण्यास १९९७ साल उजाडलें, आणि तेव्हांचा वेग सेकंदाला वीस लक्ष चिन्हें इतकाच होता. १९९९ मध्यें तो एक कोटि दहा लक्षांवर गेला. त्याच वर्षीं ‘वायफाय’ हें नांव रूढ होऊं लागलें आणि अ‍ॅपल कंपनीनें आपल्या वहीसारख्या संगणकाबरोबर घरगुती बिनतारी केंद्र बाजारांत आणलें.

घरांत आल्यावर या लहरींना नवाच शत्रु भेटला, तो म्हणजे प्रतिध्वनि. भिंती, कपाटें, पंखे यांवरून परतलेल्या लहरी मूळ संदेशाच्या मागोमाग पोंचतात आणि एका अक्षराची शेपटी दुसऱ्या अक्षरावर पडते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेंतील जॉन ओसलिव्हन यांनीं पूर्वीं स्फोट पावणाऱ्या कृष्णविवरांकडून येणाऱ्या क्षीण लहरींचा शोध चालविला होता. त्या लहरी सांपडल्या नाहींत. पण त्या शोधांत अंगवळणीं पडलेलें गणित त्यांच्या मंडळींस येथें उपयोगीं पडलें. एक वेगवान संदेश अनेक संथ प्रवाहांत विभागून एकाच वेळीं पाठवावयाचा, म्हणजे प्रत्येक अक्षर इतकें लांबतें कीं, प्रतिध्वनि येऊन पोंचला तरी तें संपलेलें नसतें. या योजनेस अमेरिकेंत १९९६ मध्यें पेटंट मिळालें.

भारतांत बिनतारी यंत्र परवान्यावांचून नुसतें जवळ बाळगणें हाच १९३३ च्या कायद्यानें अपराध ठरविला होता. २००५ च्या जानेवारींत सरकारनें २.४ गिगॅहर्ट्झचा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठीं परवानामुक्त केला, आणि हीं यंत्रें घराबाहेर, गांवोगांव नेण्याची वाट मोकळी झाली.

पण शंभर पावलांसाठीं केलेलें यंत्र दूर पल्ल्यावर चालावें कसें? याचें उत्तर व्हेनेझुएलांतील एर्मानो पिएत्रोसेमोली यांच्या प्रयोगांनीं दिलें. २००६ मध्यें त्यांनीं साध्या घरगुती राउटरांनीं २७९ किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणें जोडलीं, आणि २००७ मध्यें हें अंतर ३८२ किलोमीटरांवर नेलें. त्यांनीं उंच जागा निवडल्या, म्हणजे पृथ्वीचा फुगवटा आड आला नाहीं. थाळ्यांसारख्या अँटेना वापरून त्यांनीं लहरींचा झोत एकाच दिशेला धरला. शिवाय यंत्रास धीर धरण्यास शिकविलें. कारण इतक्या अंतरावरून पोंच परत येण्यास सेकंदाचा सुमारें पांचशेंवा भाग लागतो, आणि घरगुती यंत्र त्याच्या कितीतरी आधींच निराश होऊन तेंच वाक्य पुन्हा उच्चारूं लागतें.

हा केवळ विक्रमाचा खेळ नव्हता. अमेरिकेंतील बर्कली विद्यापीठाच्या एका मंडळानें याच जातीच्या यंत्रांत बदल करून, दोन्ही टोकांनीं ठरलेल्या पाळीनें बोलावें अशी व्यवस्था लावली आणि तामिळनाडूंत तेनी येथील अरविंद नेत्ररुग्णालय भोंवतालच्या गांवांतील तपासणीकेंद्रांशीं जोडलें. गांवांतील रुग्णानें केंद्रांत बसावें, तेथील परिचारिकेनें डोळा तपासावा आणि शहरांतील डॉक्टरानें पडद्यावर त्याच्याशीं बोलून निदान करावें, अशी ही योजना होती. ज्याला केवळ चष्म्याची गरज आहे त्याची शहराची खेप वांचली, आणि ज्याला शस्त्रक्रिया पाहिजे त्याला तें वेळेवर कळलें. महाराष्ट्रांत पालघर जिल्ह्यांतील गांवांसाठीं मुंबईच्या आयआयटीनें दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यांचा उपयोग करून पाहिला. तेथील लहरी अधिक लांबीच्या असल्यानें झाडाझुडपांतून बऱ्या जातात. त्यांनीं गांवापर्यंत संदेश आणावा आणि पुढें वायफायनें तो वांटावा, अशी कामाची विभागणी होती.

या सर्व इतिहासाचा अर्क घरच्या भिंतीपाशीं आणला तर गृहस्थाचीं निम्मीं कामें पैशावांचून होतात. राउटर जमिनीलगत, कपाटांत किंवा दूरदर्शनसंचामागें न ठेवतां घराच्या मध्याजवळ, उंचावर ठेवावा. डोंगराचें शिखर शोधण्यासारखेंच हें आहे. २.४ गिगॅहर्ट्झच्या लहरी भिंतींना कमी जकात देतात, पण तेथें गर्दी फार आणि परस्परांस न भिडणारे मार्ग साधारणतः तीनच: १, ६ आणि ११. ५ गिगॅहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात, पण भिंतीपाशीं लवकर थकतात. म्हणून त्या जवळच्या खोलीस द्याव्यात. मधल्या खोलींत पुनःप्रक्षेपक ठेवावयाचा तर एक गोष्ट विसरूं नये. एकाच मार्गावर ऐकून तेंच पुन्हा सांगणारा दूत प्रत्येक निरोपास दुप्पट वेळ घेतो, आणि वेग सुमारें निम्म्यावर येतो. शिवाय तो जेथें ठेवावयाचा तेथें मूळ आवाज स्वच्छ ऐकूं आला पाहिजे. अंधाऱ्या कोपऱ्यांत बसविलेला दूत अंधारच पुढें पोंचवितो. सर्वांत भरंवशाचा उपाय म्हणजे आंतल्या खोलीपर्यंत एक तार नेऊन तेथें दुसरें केंद्र बसविणें. बिनतारी जाळ्याचा पल्ला वाढविण्यास शेवटीं तारच उपयोगी पडावी, यांत विसंगति नाहीं. बेटांवरील टप्प्यांचेंच तें घरगुती रूप आहे.

पल्ला वाढला कीं जबाबदारीही वाढते. जो संदेश आंतल्या खोलींत पोंचतो तो जिन्यांतही पोंचतो. पहिल्या वायफायची कुलुपयोजना सहज फुटते, हें २००१ मध्यें संशोधकांनीं दाखवून दिल्यावर नवी कुलुपें करावीं लागलीं. म्हणून जुनें कुलूप आणि विक्रेत्यानें दिलेला परवलीचा शब्द तसाच ठेवणें म्हणजे दाराला कडी न लावणें होय. भिंतीनें जें रक्षण पूर्वीं आपोआप केलें, तें आतां घरधन्यास जाणून करावें लागतें.

आकाश कोणा एकाचें नाहीं, या तत्त्वावर हें जाळें उभें आहे. कमी शक्तीनें बोलावें, आधीं ऐकावें, आपली पाळी येईपर्यंत थांबावें आणि दूरच्याला ऐकूं जात नसेल तर ओरडण्याऐवजीं त्याच्या जवळ जावें, हे त्याचे नियम होत. चांगल्या घरांतही माणसें एकमेकांशीं याच नियमांनीं बोलत आलीं आहेत.