उपवास, तूप आणि अपस्मार

पंढरपूर ज्या जिल्ह्यांत आहे त्या आमच्या सोलापुरांत उपवास म्हणजे काय हें कोणास शिकवावें लागत नाहीं. आषाढी एकादशीस घरोघरीं साबुदाण्याच्या खिचडीचा वास दरवळतो, आणि 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आम्ही हंसत हंसत स्वतःसच लावून घेतों. त्या फराळानें पुण्य किती लाभतें तें विठोबा जाणे. परंतु ज्या उपवासाचा इतिहास येथें सांगावयाचा आहे, त्यांत साबुदाण्यास मुळींच थारा नाहीं. कारण साबुदाणा म्हणजे बहुतेक निव्वळ पिष्ट. हा उपवास फेफऱ्याच्या रोग्याचा आहे.

फेफऱ्यास आपल्या वैद्यकांत अपस्मार म्हणतात. स्मृति, बुद्धि व सत्त्व यांचा बिघाड, असें त्याचें वर्णन चरकसंहितेंत असून त्यावर पंचगव्य घृतासारखीं अनेक सिद्ध तुपें सांगितलीं आहेत. एवढ्यावरून 'हा तर आमच्याच ऋषींचा शोध' असें म्हणणारे निघतील. आम्हांस तें मान्य नाहीं. औषधासाठीं चमचाभर तूप देणें वेगळें आणि दिवसाचें बहुतेक सारें अन्नच स्निग्ध करणें वेगळें. मात्र ह्या रोगास भूतबाधा न म्हणतां शरीराचा रोग म्हणणारे लोक फार जुने आहेत, ही गोष्ट खरी. ग्रीसमध्यें हिपोक्रॅटीसच्या परंपरेंतील ग्रंथानें इसवी सनापूर्वीं सुमारें ४०० वर्षें तेंच सांगितलें. तरीहि आमच्या गल्लींत आजहि झटका आलेल्या मुलाच्या नाकाशीं कांदा किंवा जोडा धरणारा कोणी ना कोणी भेटतोच!

पॅरिस येथें गेल्पा व मारी ह्या डॉक्टरांनीं १९११ सालीं उपवासाचा प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेंत बॅटल क्रीक गांवीं कॉन्क्लिन नांवाचा एक चिकित्सक रोग्यांस केवळ पाण्यावर दिवसेंदिवस ठेवीत असे. त्याची उपपत्ति चुकीची होती. आंतड्यांतून विष उत्पन्न होऊन तें मेंदूस चढतें असें तो समजे. पण झटके कमी होत, हें खरें होतें. त्याच्या रोग्यांत चार्ल्स हौलंड ह्या न्यूयॉर्कच्या वकिलाचा मुलगा होता. मुलास गुण आलेला पाहून ह्या पित्यानें, उपवासानें असें कां होतें तें शोधण्यासाठीं, आपल्या डॉक्टर भावास ५,००० डॉलर दिले. हा भाऊ जॉन हौलंड म्हणजे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स संस्थेंतील बालरोगांचा प्राध्यापक.

उपवासाची अडचण उघडच होती. जन्मभर उपाशी कोण राहील? १९२१ सालीं मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनीं तोड सुचविली. उपवासांत शरीर चरबी जाळतें आणि त्यांतून कीटोन नांवाचे पदार्थ रक्तांत येतात. मग पिष्ट व साखर जवळजवळ बंद करून रोग्यास स्निग्ध पदार्थच भरपूर दिले, तर जेवूनहि तीच अवस्था टिकेल. ह्या आहारास त्यांनीं 'कीटोजेनिक' हें नांव दिलें. १९२५ सालीं पीटरमन यांनीं माप ठरविलें: वजनाच्या दर किलोस १ ग्रॅम प्रथिनें, दिवसास १० ते १५ ग्रॅम पिष्ट-साखर, बाकी सारें स्निग्ध.

पुढें १९३८ सालीं मेरिट व पटनम यांनीं फेनिटॉइन पुढें आणलें. गोळी गिळणें सोपें, तराजूनें अन्न मोजणें कठीण. आहार मागें पडला. दोष गोळीस देतां येत नाहीं, तिनें असंख्य घरें सांवरलीं. परंतु सुमारें एकतृतीयांश रोग्यांचे झटके औषधांनीं पुरते आवरत नाहींत, आणि अशा मुलांच्या आईबापांस हा दुसरा मार्ग आहे हें कित्येक वर्षें कोणी सांगितलेंच नाहीं. चित्रपट-दिग्दर्शक जिम एब्राहम्स यांस तो आपल्या चार्ली नांवाच्या मुलासाठीं स्वतः ग्रंथालयांत जाऊन शोधावा लागला! १९९४ सालीं त्यांनीं मुलाच्या नांवानें संस्था काढली, आणि विसरलेली विद्या पुन्हा चर्चेंत आली. लंडनमध्यें रीतसर परीक्षा होऊन २००८ सालीं निष्कर्ष छापले गेले: आहार घेणाऱ्या मुलांपैकीं ३८ टक्क्यांचे झटके निम्म्याहून अधिक घटले, न घेणाऱ्यांपैकीं फक्त ६ टक्क्यांचे.

आपल्याकडेहि काम झालें आहे. मुंबईचे डॉ. जनक नाथन व त्यांचे सहकारी यांनीं भारतीय मुलांवरील अनुभव २००९ सालीं प्रसिद्ध केला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें १०२ मुलांवर ह्या आहाराचा एक सैल प्रकार तपासून २०१३ सालीं तोहि उपयोगी असल्याचें दाखविलें.

आतां हा आहार सोलापूरच्या चुलीपाशीं आणून पाहावा. ज्वारीच्या पिठांत शेंकडा सत्तरांच्या आसपास पिष्ट. म्हणजे चतकोर भाकरींतच मुलाचा दिवसाचा वाटा संपला! शेंगांच्या चटणींत निम्मा भाग तेल आहे खरा, पण तीहि तोलूनच. ज्या घरांत भाकरी म्हणजेच जेवण, तेथें मुलाच्या ताटांतून भाकरी काढणें आईस किती जड जात असेल! आणि आजीनें मायेनें हातावर ठेवलेला गुळाचा खडा दिवसभराची मेहनत वायां घालवितो. गोड पातळ औषधांतली साखरदेखील मोजावी लागते. शिवाय मूतखडा, बद्धकोष्ठ, वाढ मंदावणें हे धोके आहेत, आणि चयापचयाच्या कांहीं जन्मजात विकारांत हा आहार घातकच. म्हणून डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीवांचून, आणि चालू औषधें आपल्या मतानें सोडून, तो कोणींहि आरंभूं नये. आरंभींचा कडक उपवासहि आतां आवश्यक मानीत नाहींत.

लपवालपवीचा प्रश्न निराळाच. मुलीस फेफरें येतें हें लग्नाआधीं दडविण्यांत कित्येक घरांनीं उपचाराचीं वर्षें गमावलीं. हिंदु विवाह कायद्यांतील अपस्माराचा उल्लेख १९९९ सालीं काढून टाकण्यांत आला. शेजारपाजारच्या कुजबुजीस मात्र कायदा लागू होत नाहीं.

२०२० सालीं दिल्लीच्या त्याच संस्थेनें तीन आहार ताडून पाहिले. मूळचा, सैल केलेला, आणि तिसरा, ज्यांत रक्तांत सावकाश साखर सोडणारे पदार्थ बेतानें चालतात. तिघांनींहि झटके घटले. तिसरा पहिल्याच्या तोडीचा आहे असें सिद्ध झालें नाहीं, पण त्याचा त्रास सर्वांत कमी निघाला. त्यांत दिवसास ४० ते ६० ग्रॅमपर्यंत पिष्ट-साखर घेतां येते, आणि मुलाच्या ताटांत थोड्या उसळीस जागा उरते.