लोहाची कमतरता आणि स्त्रियांची केसगळती : भोपाळच्या निमित्ताने

घर बदलले, शहर बदलले आणि केस गळू लागले की पहिला दोष पाण्याला दिला जातो. भोपाळही याला अपवाद नाही. मोठा तलाव, कोलार धरण आणि नर्मदा यांचे पाणी या शहराला मिळते; काही वसाहतींत विंधनविहिरीचे जड पाणी वापरावे लागते. जड पाण्याने केस रुक्ष होतात, मधूनच तुटतात, हे खरे. परंतु तुटणे आणि मुळासकट गळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फणीत आलेल्या केसाच्या टोकाला पांढरा, बारीक गाठीसारखा भाग दिसत असेल, तर तो केस मुळापासून सुटलेला असतो. असे केस नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक गळू लागले, तर कारण बहुधा नळात नसते. ते शरीरात शोधावे लागते. स्त्रियांच्या बाबतीत त्या शोधात लोहाचा विचार लवकर व्हायला हवा.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) मध्य प्रदेशातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ५२.५ टक्के होते. देशाची सरासरी याच काळात ५३.१ वरून ५७ टक्क्यांवर गेली. गोव्याची स्थिती तुलनेने बरी असली, तरी निश्चिंत राहावे अशी नाही; येथे हे प्रमाण ३१.३ वरून ३९ टक्क्यांवर पोहोचले. मासळी खाणाऱ्या, साक्षर आणि आरोग्यसेवा हाताशी असलेल्या राज्यातही दर पाच स्त्रियांपैकी जवळजवळ दोघींना रक्तक्षय असावा, ही विचार करण्याजोगी बाब आहे.

या आकड्यांची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. या दोन्ही फेऱ्यांत बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन मोजले गेले. शरीरातील लोहाचा साठा मोजला गेला नाही. लोह कमी पडू लागले की आधी साठा रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन त्यानंतर घसरते. त्यामुळे हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही साठा आटलेला असू शकतो. रक्ताचा अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी केसगळती थांबत नाही, असे सांगणाऱ्या अनेक स्त्रिया याच मधल्या टप्प्यावर असू शकतात.

केसाचे चक्र आणि लोहाचे काम

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतील ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. ही अवस्था दोन ते सहा वर्षे टिकते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचा संक्रमणकाळ आणि सुमारे तीन महिन्यांची विश्रांती येते. मग जुना केस गळून त्याच जागी नवा उगवतो. म्हणून दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते.

केसाच्या मुळातील पेशी शरीरातील सर्वाधिक वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. पेशी विभागताना डीएनएची नवी प्रत तयार व्हावी लागते आणि त्यासाठी आवश्यक असलेल्या एका विकराला लोहावाचून काम करता येत नाही. लोह तुटपुंजे झाले की शरीर ते प्रथम रक्तनिर्मितीकडे वळवते. केस जगण्यासाठी अत्यावश्यक नसल्यामुळे त्यांचा क्रम मागे राहतो. वाढीच्या अवस्थेतील बरेच केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळू लागतात. या प्रकाराला वैद्यकात ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ म्हणतात. बाळंतपण, डेंग्यू किंवा टायफॉइडसारखा ताप, मोठी शस्त्रक्रिया, झटपट वजन उतरवणारा आहार यांनंतरही हेच घडते. म्हणून केसगळतीचे कारण शोधताना कालच्या शाम्पूऐवजी तीन महिन्यांमागच्या घटना आठवाव्यात.

लोहाचा साठा आणि केसगळती यांचा संबंध किती घट्ट आहे, याविषयी तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. काही अभ्यासांत केस गळणाऱ्या स्त्रियांचा लोहसाठा कमी आढळला, तर काहींत तसा फरक दिसला नाही. मात्र कमतरता सिद्ध झाली असेल तर ती भरून काढावी, याबद्दल वाद नाही. कारण लोह केवळ केसांसाठी लागत नाही. थकवा, धाप, धडधड, एकाग्रता ढळणे, माती किंवा बर्फ खाण्याची इच्छा ही याच कमतरतेची अन्य लक्षणे आहेत.

स्त्रियांवरच हा भार का

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम, तर प्रौढ स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे. या फरकाचे मुख्य कारण मासिक पाळी होय. एक मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. एका पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्तस्राव झाला, तर ४० मिलिग्रॅमच्या आसपास लोह निघून जाते. सात दिवसांहून अधिक चालणारी पाळी, मोठ्या गाठी पडणे, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे ही अतिस्रावाची चिन्हे आहेत. अनेक घरांत ‘आमच्याकडे सगळ्यांनाच असे होते’ म्हणून ती सोडून दिली जातात. एका गरोदरपणात तर शरीराला एकंदर सुमारे एक ग्रॅम लोह लागते. दोन बाळंतपणांत अंतर कमी असेल तर साठा भरून येण्यास अवधीच मिळत नाही.

त्यात घरातील रीतीभाती भर घालतात. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणे, जेवणामागोमाग चहा घेणे, आठवड्यातून एक-दोन उपवास करणे हे भोपाळमधील मराठी घरांत जसे आढळते, तसेच फोंड्यात आणि डिचोलीतही. साबुदाण्यात लोह आणि प्रथिने नगण्य असतात. उपवास सोडायचा नसेल तर साबुदाण्याऐवजी राजगिरा, शेंगदाणे आणि खजूर यांना ताटात अधिक जागा देता येते.

तपासणी : गोळीच्या आधी

भोपाळमध्ये एम्स आणि गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न हमीदिया रुग्णालय येथे त्वचारोग व स्त्रीरोग या दोन्ही शाखांचा सल्ला मिळू शकतो; गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. केसगळती सहा ते आठ आठवडे टिकली तर रक्तगणना, फेरिटिन आणि थायरॉइड या तपासण्या उपयुक्त ठरतात. फेरिटिन हे लोहसाठ्याचे माप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार निरोगी प्रौढ व्यक्तीत ते दर लिटरला १५ मायक्रोग्रॅमहून कमी असल्यास लोहाची कमतरता मानली जाते. केसगळतीत अनेक त्वचारोगतज्ज्ञ ते ३० च्या वर असावे, असे पाहतात. ताप किंवा शरीरात दाह असताना फेरिटिन फसवे वाढते. म्हणून आजारातून उठल्यावर काही आठवड्यांनी ही तपासणी करणे चांगले.

प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावामुळे होत नाही, हे मध्य प्रदेशात विशेष ध्यानात ठेवावे लागते. राज्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ १ जुलै २०२३ रोजी याच राज्यातील शहडोल येथून झाला. भोपाळजवळच्या बैरागढमध्ये फाळणीनंतर मोठा सिंधी समाज स्थायिक झाला आणि या समाजात थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने अधिक आढळतात. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या रक्तातील तांबड्या पेशी लोहाच्या अभावात असतात तशाच लहान दिसतात. लोहसाठा मात्र भरलेला असू शकतो. अशा वेळी तपासणीवाचून महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेणे निष्फळ आणि प्रसंगी अपायकारक ठरते.

भांग रुंदावत जाणे, नाण्याएवढे चट्टे पडणे, टाळूला खाज वा खपल्या असणे, पाळी अनियमित होऊन चेहऱ्यावर केस येणे ही लक्षणे असतील, तर कारण वेगळे असण्याची शक्यता अधिक. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे. त्यांच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडसह काही तपासण्यांचे निकाल चुकू शकतात.

उपचार आणि आहार

२०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘अॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात प्रजननक्षम वयातील स्त्रियांसाठी आठवड्याला एक तांबडी गोळी आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ही प्रतिबंधक मात्रा होय. सिद्ध झालेल्या कमतरतेसाठी मात्रा डॉक्टर ठरवतात. गोळीने मळमळ किंवा बद्धकोष्ठ होतो आणि शौचाचा रंग काळा होतो, म्हणून अनेकजणी ती मध्येच सोडतात. काळा रंग निरुपद्रवी आहे. त्रास होत असल्यास गोळी एक दिवसाआड घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारावे. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतील लोहाचा अधिक भाग शोषला जातो, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी; चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांपासून ती दोन तास दूर ठेवावी. हिमोग्लोबिन सुधारल्यानंतरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने उपचार चालू ठेवावे लागतात. या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. मुलांसाठी त्या विषासमान ठरू शकतात.

आहाराने मोठी कमतरता लवकर भरून येत नाही, पण भरलेला साठा टिकतो तो आहारानेच. मध्य प्रदेश हरभऱ्याचा प्रदेश. मोड आलेले चणे, बाजरी, मसूर, तीळ आणि पालेभाज्या तेथे सहज मिळतात. भोपाळच्या सकाळच्या पोह्यांवर पिळलेले लिंबू केवळ चवीचे नसते. त्यातील क जीवनसत्त्व धान्यांतील लोह शोषायला मदत करते. गोव्यात तांबडी भाजी, अळसांदे, कुळीथ, नाचणी यांना हाच न्याय लागू पडतो. मांस, मासळी आणि तिसऱ्या यांतील लोह वनस्पतिजन्य लोहापेक्षा अधिक सहजपणे शोषले जाते. आंबट पदार्थ लोखंडी कढईत शिजवल्यास त्यांत लोहाची भर पडते.

धीर धरण्याचे गणित

उपचार सुरू झाले की महिनाभरात हिमोग्लोबिन वाढू लागते. केसगळती कमी होण्यास मात्र तीन ते सहा महिने लागतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. कपाळालगत उभे राहिलेले बारीक, आखूड केस हे पुनर्वाढीचे पहिले चिन्ह असते, पण तीच लांबी एक फुटावर यायला अडीच वर्षे लागतात. तोवर केस थोडे आखूड कापणे, भांग बदलणे, घट्ट वेणी व अंबाडा टाळणे, ओले केस न विंचरणे हे उपाय केसांचे आणि मनाचेही रक्षण करतात. गळतील या भीतीने केस धुणे टाळू नये. धुताना पडतात ते आधीच सुटलेले केस असतात. तेलाने केस मऊ राहतात, परंतु रक्तातील उणीव तेल भरून काढत नाही.

आपल्याकडे केसांचा संबंध सौभाग्याशी आणि प्रतिष्ठेशी जोडला गेला. केशवपनाच्या रूढीने तर केस हिरावून घेणे ही विधवेची शिक्षा ठरवली. त्यामुळे केस विरळ होणे आजही अनेकींना लाजिरवाणे वाटते. त्या ते पदराखाली झाकतात आणि दोष स्वतःकडे घेतात. लोहाच्या अभावाने गळणारे केस बहुधा परत येतात, कारण केसाचे मूळ जिवंत राहिलेले असते. मात्र अतिस्राव करणारी पाळी, वारंवारची बाळंतपणे किंवा घरात सर्वांत शेवटी वाढले जाणारे ताट तसेच राहिले, तर भरलेला साठा पुन्हा रिकामा होतो. केसगळती हे त्या रिकाम्या होणाऱ्या साठ्याचे सर्वांना दिसणारे लक्षण आहे. त्याची दखल घेणे ही त्या स्त्रीइतकीच तिच्या घराचीही जबाबदारी ठरते.