पुच्छचक्राची विद्या

१७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूवरून राइट बंधूंचे विमान प्रथम उडाले, तेव्हा त्याला चाके नव्हती. साठ फूट लांबीच्या रुळावरून एका लहानशा गाडीवर आरूढ होऊन ते धावले, वाऱ्यावर उचलले गेले आणि पोटाखालच्या लाकडी पट्ट्यांवर घसरत वाळूत टेकले. जमिनीवर असताना विमान वळवावे कसे, हा प्रश्न त्या दिवशी उद्भवलाच नाही. कारण ते जेथे टेकेल तेथून माणसांनीच ते परत आणावयाचे होते. तो प्रश्न पुढच्या तीन दशकांत हळूहळू उभा राहिला. त्याचे उत्तर शेपटीखालच्या मुठीएवढ्या चाकात, दोन साखळ्यांत आणि दोन स्प्रिंगांत सापडले. आणि मोठ्या कारखान्यांनी ते उत्तर बाजूला ठेवल्यानंतरही आपापल्या कोठारांत व मोटारीच्या खोल्यांत स्वहस्ते विमाने बांधणाऱ्या हौशी लोकांनी ते जिवंत राखले. या लहानशा विद्येची हकीकत आजवर फारशी कोणी सांगितलेली नाही, म्हणून ती येथे क्रमाने सांगण्याचा विचार आहे.

राइट बंधूंच्या नंतर थोड्याच वर्षांत विमानाला चाके आली, पण ती पुढे, पंखांखाली आली. मागे, शेपटीखाली, बहुतेक विमानांना लाकडाचा वा पोलादाचा एक आखूड दांडा असे. तो गवताळ जमिनीत रुतत, ओरखडे काढीत विमानामागून फरफटत येई, आणि या फरफटण्यातच त्याचे दोन गुण होते: ज्या विमानांना ब्रेक नव्हते त्यांचा वेग तो आवरीत असे, आणि शेपटी आपल्या जागी मागे धरून ठेवल्यामुळे विमान सरळ धावे. त्या काळचे विमानतळ म्हणजे विस्तीर्ण कुरणे असत. वारा ज्या दिशेने येई त्या दिशेला तोंड करून वैमानिकाने उडावे वा उतरावे, अशी सर्व बाजूंनी मुभा असे. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओने ज्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, त्याची पुढची मुख्य चाकेच आडव्या वाऱ्यात आपोआप वळतील अशी बसविलेली होती. म्हणजे अगदी आरंभीच्या रचनाकारांनाही जमिनीवरील दिशेचा विचार टाळता आला नव्हता.

पुढे विमाने जड झाली, त्यांचे उतरण्याचे वेग वाढले, चाकांना ब्रेक आले आणि कुरणांच्या जागी डांबराच्या व काँक्रीटच्या पट्ट्या आल्या. धावपट्टी एकाच दिशेला असल्यामुळे वारा आडवा असला तरी तिच्यावरच उतरणे वैमानिकास भाग पडले. शेपटीखालचा दांडा या कठीण पृष्ठभागावर रुतेना. तो घासून झिजू लागला, ठिणग्या उडवू लागला आणि विमानाला धरून ठेवीनासा झाला. त्याच्या जागी चाक बसविले, तेव्हा झीज थांबली खरी, परंतु दांड्याची ती धरून ठेवण्याची शक्तीही नाहीशी झाली. चारी दिशांना मोकळे फिरणारे चाक शेपटीला कोणत्याच दिशेला बांधून ठेवीत नाही.

हा प्रश्न किती बिकट होता हे त्यामागील यांत्रिक कारण ध्यानी घेतल्याशिवाय उमगणार नाही. ज्या विमानाला दोन मुख्य चाके पुढे आणि लहान चाक मागे असते, त्याचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे पडतो. तसा तो पडलाच पाहिजे, अन्यथा विमान नाकावर उभे राहील. धावताना असे विमान थोडेसे जरी तिरके झाले, तरी पुढच्या चाकांचे घर्षण त्यांना मागे ओढते आणि मागचे वजन जडत्वाने पुढे जाऊ पाहते, त्यामुळे तो तिरकेपणा आपोआप कमी न होता क्षणोक्षणी वाढत जातो. दोरीने पुढून ओढलेली गाडी आपसूक ओळीत येते, पण मागून ढकललेली गाडी हात सैल पडताच आडवी फिरते, तोच हा न्याय. वैमानिकाने वेळीच पाय चालविला नाही, तर विमान स्वतःभोवती गिरकी घेते, एक पंख जमिनीला घासतो आणि पुष्कळदा मुख्य चाकांची चौकट मोडून पडते. हवेत असताना सुकाणूवरून वाहणारा वारा दिशा सांभाळतो; परंतु उतरल्यावर वेग मंदावत जातो, वाऱ्याचे बळ ओसरते, आणि ब्रेकनेच सर्व कार्यभाग साधण्याइतका अवधीही नसतो. त्या मधल्या काही पळांत विमानाला सरळ राखण्याची जबाबदारी शेपटीच्या चाकावर येऊन पडते.

मोठ्या विमानांनी या अडचणीवर कुलूप हा तोडगा काढला. डग्लसच्या डीसी-३ विमानात उड्डाणापूर्वी व उतरण्यापूर्वी वैमानिक शेपटीचे चाक सरळ दिशेत अडकवून टाकीत असे आणि वळावयाच्या वेळी ते मोकळे करीत असे. लहान विमानांसाठी मात्र याहून नाजूक युक्ती योजिली गेली. सुकाणूच्या दोन्ही बाजूंच्या लहान शिंगांपासून दोन साखळ्या काढावयाच्या, त्या स्प्रिंगांच्या द्वारे शेपटीच्या चाकाच्या दोन हातांना जोडावयाच्या, म्हणजे वैमानिकाने पाय दाबताच सुकाणू आणि चाक एकत्र वळतील. आणि विमान जागच्या जागी फिरवावयाचे असेल, तेव्हा ठरावीक कोनापलीकडे चाकाने आपली अडकण सोडून मोकळे फिरावे, अशी तजवीज त्याच्या पोटात करावयाची. टेलर कंपनीच्या आरंभीच्या कब विमानाला शेपटीखाली दांडाच होता. १९३८ साली आलेल्या पायपर जे-३ कबला पायाने वळणारे चाक मिळाले. अमेरिकेतील मिशिगन संस्थानात बेलफर्ड मॉल यांनी १९४१ च्या सुमारास विमानाच्या शेपटीचीच चाके तयार करण्याचा धंदा आरंभिला. पुढे त्यांच्या नावाची विमानेही निघाली. मॉल व स्कॉट या दोन नावांची चाके तेव्हापासून आजतागायत लहान विमानांच्या शेपट्यांखाली दिसतात.

याच काळात घरी विमान बांधणाऱ्या लोकांचीही एक परंपरा वाढत होती. सान्तुस-द्युमों यांनी आपल्या ‘दमुआझेल’ नामक चिमुकल्या विमानाचा आराखडा पेटंटाच्या बंधनात न अडकविता सर्वांना खुला केला होता. शिकागोच्या एड हीथ यांनी १९२० च्या दशकात आपल्या पॅरासोल विमानाचे संच विकले. मिनेसोटातील चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पीटेनपोल यांनी फोर्डच्या मोटारीचे इंजिन लावून एअर कँपर उडविले. आणि फ्रान्सच्या आन्री मिन्ये यांनी १९३४ साली आपल्या ‘आकाशातील पिसू’ची कृती पुस्तकरूपाने जाहीर केल्यावर इंग्लंड व फ्रान्समधील कित्येक तरुण लाकूड, कापड व सरस घेऊन बसले. त्या यंत्रातील दोषांमुळे प्राणघातक अपघात झाले आणि १९३६ साली ब्रिटिश सरकारने त्याला उड्डाणाचे परवाने देणे थांबविले. परंतु आपले विमान आपण बांधावे ही आकांक्षा त्यामुळे विझली नाही.

अमेरिकेत १९३० च्या दशकातील कडक नियमांमुळे ऑरेगनखेरीज बहुतेक ठिकाणी घरी बांधलेल्या विमानाला कायदेशीर मंजुरी मिळणे दुरापास्त झाले. महायुद्धानंतर ऑरेगनच्या जॉर्ज बोगार्डस यांनी या हौशी विमानकारांची कैफियत स्वतःच वॉशिंग्टनला नेली: १९४७ साली ते आपल्या ‘लिटल जी बी’ या लहानग्या विमानातून देश ओलांडून राजधानीस गेले आणि सरकारी अधिकाऱ्यांपुढे त्यांनी ते विमानच पुरावा म्हणून ठेवले. यथावकाश हौशी बांधणीसाठी स्वतंत्र वर्ग नियमांत आला. ज्याने विमानाचा बहुतांश भाग शिक्षणाच्या वा मनोरंजनाच्या हेतूने स्वतः घडविला असेल, त्याला ते उडविण्याचा अधिकार मिळाला. १९५३ साली मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांनी प्रायोगिक विमानकारांची संघटना स्थापिली. तिचा वार्षिक मेळा १९७० पासून ऑशकॉशला भरतो, आणि तेथील विमानतळाला स्टीव्ह विटमन यांचे नाव आहे. हे तेच विटमन, ज्यांनी मुख्य चाकांसाठी पोलादी स्प्रिंगेचे साधेसुधे पाय शोधले, जे सेस्नाने १९४० च्या दशकात आपल्या विमानांना लावले; त्यांचे टेलविंड हे विमानही १९५३ सालचेच.

आणि याच दशकात कारखानदारांनी शेपटीच्या चाकाचा निरोप घेतला. १९५१ साली पायपरने पुढे चाक असलेला ट्राय-पेसर बाजारात आणला. १९५५ साली सेस्नाने आपल्या १७० विमानाला नाकाखाली चाक देऊन १७२ घडविले. अशा विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे येतो आणि तिरकेपणा आपोआप सावरला जातो. शिकाऊ वैमानिकाला ते अधिक सुरक्षित असते, यात संशय नाही. पण नाकाचे चाक वजनदार असते, इंजिनाखाली त्याला भक्कम आधार लागतो आणि ते हवेत अडथळा करते. खडबडीत शेतावर ते प्रथम मोडते. म्हणून ज्यांना हलके, वेगवान व साधे विमान हवे होते, त्या घरबांधणी करणाऱ्यांनी जुनीच रचना स्वीकारली. ऑरेगनच्या रिचर्ड व्हॅनग्रुन्स्व्हेन यांचे आरव्ही-३ हे १९७१ साली उडालेले विमान शेपटीच्या चाकाचे होते, आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या आरव्ही-४ नेही तीच रचना राखली.

या घरच्या कार्यशाळांत जी विद्या टिकली, ती बाह्यतः क्षुल्लक वाटते. चाक ज्या खुंटीभोवती फिरते, ती खुंटी विमान पूर्ण भारासह जमिनीवर उभे असताना सरळ, किंवा वरच्या टोकाला किंचित मागे कललेली असावी लागते. शेपटीचा पोलादी पाटा वर्षानुवर्षांच्या भाराने सपाट होत गेला की ती खुंटी वरून पुढे झुकते, आणि मग एखाद्या वेगाला चाक असे थरथरू लागते की सारी शेपटी हादरते. अशा वेळी स्प्रिंगा घट्ट करीत बसण्यापेक्षा पाटा बदलणे किंवा त्याखाली पाचर घालून कोन सुधारणे हाच खरा उपाय होय. साखळ्यांचा ताण ही दुसरी परीक्षा. त्या फार ताठ ठेवल्या, तर पायाच्या सूक्ष्म हालचालीलाही विमान उसळून प्रतिसाद देते, आणि फार सैल ठेवल्या, तर पाय दाबल्यावर चाक वळेपर्यंत विमान दुसरीकडे गेलेले असते. त्यातही जमिनीवर वजनाने पाटा दबल्यामुळे साखळी सैल दिसते, पण विमान उचलले जाताच ती ताणली जाते. दोन बाजूंचा ताण असमान राहिला, तर तोच सुकाणूला हवेत एका अंगाला ओढीत राहतो. म्हणून जाणता कारागीर शेपटी टेकवून आणि शेपटी उचलून, दोन्ही अवस्थांत ताण पाहतो.

आणि स्प्रिंगा कशासाठी? आडव्या वाऱ्यात उतरताना वैमानिकाने सुकाणू एका बाजूला दाबलेले असते, आणि साखळीने बांधलेले चाकही त्याच बाजूला वळलेले असते. ही जोडणी ताठ असती, तर शेपटी टेकताच त्या वळलेल्या चाकाने विमानाला आडवा हिसका दिला असता; स्प्रिंग त्या क्षणी नमते, चाक विमानाच्या प्रत्यक्ष गतीच्या दिशेने येते, आणि मग हळूहळू सुकाणूचा हुकूम मानू लागते. धरून ठेवणे व सोडून देणे यांतला हा तोल किती असावा, हे विमानाच्या वजनावर, शिंगांच्या लांबीवर आणि वैमानिकाच्या पायावर अवलंबून असते. त्याचा एकच आकडा कोणत्याही कोष्टकात सापडत नाही.

आपल्याकडेही या चाकाचा अंमल एके काळी होता. ग्योटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन केलेले विष्णु माधव घाटगे हे मराठी अभियंते बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये रचनाकार होते. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एचटी-२ हे शिक्षणविमान १९५१ साली उडाले, आणि त्यानंतर १९५८ साली पुष्पक हे उंच पंखांचे लहान विमान उडाले. दोन्हींच्या शेपटीखाली चाक होते. देशातील फ्लाइंग क्लबांतून पुष्पकावर शिकलेल्या वैमानिकांच्या एका पिढीने, विमान थांबेपर्यंत पाय सुकाणूवरून उचलावयाचा नाही, हा धडा आपल्या पायांनी गिरविला.

कारखान्याने नाकाचे चाक निवडले तो निर्णय त्याच्या दृष्टीने योग्यच होता, कारण त्याला हजारो अपरिचित ग्राहकांचा भरवसा सांभाळावयाचा होता. हौशी विमानकाराचा ग्राहक तो स्वतःच असतो. खुंटीचा कोन त्यानेच मोजलेला, साखळीचा ताण त्यानेच ठरविलेला, आणि चूक झाली तर गिरकीही त्यालाच घ्यावयाची. म्हणून ज्ञान आणि जबाबदारी यांची फारकत त्याच्या कोठारात कधीच झाली नाही. कायद्याने त्याला मुभा देताना शिक्षण हा हेतू नमूद केला, आणि पुच्छचक्राच्या इतिहासाने तो हेतू सार्थ ठरविला आहे. जी कला बाजाराला परवडली नाही ती टिकली, कारण तिचा उपयोग करणाऱ्यालाच ती शिकावी लागली आणि शिकलेली ती पुढच्या बांधणाऱ्याच्या हाती प्रत्यक्ष दाखवून द्यावी लागली. कोणत्याही देशातील कारागिरीच्या रक्षणाचा विचार करणाऱ्यांनी या लहानशा चाकाकडून एवढे तरी अवश्य शिकावे, की कसब जतन करावयाचे असेल तर ते वापरणाऱ्याच्या हातातच राहू दिले पाहिजे.