चिन्हांची वाट : राशोलपासून संगणकापर्यंत

काही वर्षांपूर्वी पवित्र आठवड्याच्या उपासनेची एक छोटी पुस्तिका आम्ही संगणकावर सिद्ध केली. मजकूर दोनदा वाचला, ऱ्हस्वदीर्घ तपासले आणि निर्धास्त मनाने ती छपाईला धाडली. पुस्तिका छापून आली, तेव्हा धर्मगुरूंनी जेथे हाताने क्रूसाची खूण करावयाची, तेथे प्रत्येक ठिकाणी ठळक इंग्रजी 'एक्स' हे अक्षर उमटलेले होते. जेथे आशीर्वाद असावा, तेथे जणू कोणी फुली मारली होती. चूक आमचीच होती. ती कशी घडली हे शोधू लागलो, तेव्हा ध्यानी आले की, या चुकीचे मूळ चारशे वर्षांहून जुन्या एका प्रश्नात आहे. आपल्या भाषेला, आपल्या प्रार्थनेला आणि आपल्या नावांना छापील पानावर त्यांची हक्काची जागा कशी मिळावी, हाच तो प्रश्न.

प्रथम ही चिन्हे कशासाठी आहेत, ते पाहू. उपासनाग्रंथ हा केवळ वाचावयाचा ग्रंथ नव्हे, तो आचरावयाचा ग्रंथ आहे. म्हणून त्यात शब्दांखेरीज खुणा असतात. धर्मगुरूंनी काय करावे, याच्या सूचना तांबड्या शाईने छापण्याची प्रथा जुनी आहे. 'रुब्रिक' हा शब्दच लॅटिनमधील तांबड्या रंगाच्या नावावरून आला. 'व्ही' या अक्षराला छेद दिला की तो पुढाऱ्याने म्हणावयाचा चरण, आणि 'आर'ला छेद दिला की ते लोकांनी द्यावयाचे उत्तर. स्तोत्रातील ओवी दोन गटांनी आळीपाळीने म्हणताना मध्ये कोठे थांबावे, हे तारका (*) सांगते. चरण लांबलचक असेल, तर त्याआधीचा लहानसा विसावा खंजीरचिन्ह (†) दाखविते. पोप पायस पाचवे यांच्या १५७० सालच्या मिस्साग्रंथात क्रूसचिन्हे (✠) जागोजागी होती. आजच्या ग्रंथात ती थोडी उरली आहेत. परंतु जेथे आहेत, तेथे ती वगळता येत नाहीत. कारण त्या खुणेपाशी धर्मगुरूंचा हात हलतो आणि भाविकांचे मन एकाग्र होते.

अशा खुणा प्रथम छापखान्यात जन्मल्या नाहीत. मठांतील लेखनिकांच्या बोरूतून त्या उतरल्या. चर्मपत्र महाग, लिहावयाचे पुष्कळ, म्हणून लेखनिक अक्षरे आखडून घेत. 'एम' किंवा 'एन' गाळून आधीच्या अक्षरावर एक लहरती रेघ काढीत. तीच रेघ पुढे पोर्तुगीज लिपीत स्वरावर बसली आणि नाकातून होणारा उच्चार दाखवू लागली. आपल्या अनुस्वाराच्या टिंबाचे आणि तिचे काम किती जवळचे आहे, हे वाचकांच्या सहज लक्षात येईल. येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे आखडून झालेली 'आय-एच-एस' ही मुद्रा येशूसंघाने आपली म्हणून स्वीकारली, आणि त्या संघाच्या जुन्या मंदिरांच्या दर्शनी भागांवर आपण ती आजही पाहतो. चिन्ह म्हणजे अशा रीतीने थोडक्यात सांगितलेली मोठी गोष्ट असते.

आता आपल्या भूमीकडे वळू. १५५६ साली येशूसंघीयांबरोबर पहिला छापखाना गोव्यात उतरला. तो खरे तर ॲबिसिनियाला जावयाचा होता. पण गोव्यातच राहिला आणि संत पॉल महाविद्यालयात सुरू झाला. त्याचे खिळे अर्थातच रोमन लिपीचे होते. पुढे १५७८ साली कोल्लम येथे फादर हेन्रीक हेन्रिकेश यांचे ख्रिस्ती शिकवणुकीचे छोटे पुस्तक तमिळ लिपीत छापले गेले. भारतीय लिपीत भारतात छापलेल्या पुस्तकांचा तो आरंभ होय. पूर्वेकडील बांधवांना त्यांच्या अक्षरांत प्रार्थना वाचता आली. आपल्या कोकणपट्टीला मात्र ते भाग्य लाभले नाही.

त्याची खंत ज्याला सर्वांत अधिक वाटली, तो होता एक इंग्रज. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि साष्टीच्या परिसरात राहून त्यांनी येथील भाषा आत्मसात केली. १६०८ साली रोमला आपल्या संघप्रमुखांस धाडलेल्या पत्रात त्यांनी आपली जुनी इच्छा कळविली आहे : या प्रांतातही लोकांच्या भाषेत आणि लोकांच्याच लिपीत पुस्तके छापली जावीत. अडचण कोणती, तेही ते सांगतात. युरोपात २४ अक्षरांच्या साच्यांवर सारे काम भागते. येथे मात्र सुमारे ६०० साचे ओतावे लागतील. प्रत्येक व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी आणि उकार, त्याशिवाय जोडाक्षरे! हा हिशेब त्यांनी नीट समजून घेतला होता.

ते सहाशे साचे ओतले गेले नाहीत. १६१६ साली राशोल येथे फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले, ते रोमन अक्षरांत. ज्या कवीने मराठीला पाषाणांतील रत्नाची आणि फुलांतील मोगऱ्याची उपमा दिली, त्याच्या त्या ओव्याच मराठीच्या लिपीत छापता आल्या नाहीत, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता? १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. १६२९ व १६३४ मध्ये फादर एतिएन द ला क्रुआ यांचे संत पेत्रावरील पुराण दोन खंडांत निघाले, तेही रोमनमध्येच. रोमन अक्षरांत आपले उच्चार बसविताना नाना युक्त्या योजाव्या लागल्या. ट, ड, ण यांना स्वतंत्र अक्षर नाही, म्हणून अक्षर दुहेरी लिहावयाचे, ही रीत रोमन लिपीतील कोंकणीत आजही चालू आहे. 'विशेष चिन्ह' नसले म्हणजे माणूस असलेल्याच चिन्हांना नवे काम लावतो, त्याचा हा दाखला.

परिणाम काय झाला? पुराण भाविकांच्या कंठी राहिले, हस्तलिखितांतून फिरत राहिले. पण त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथून ते संपादून प्रसिद्ध केले, तेही रोमनमध्ये. शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, ते साल १९५६. राशोलपासून मोजले, तर ही ३४० वर्षांची वाट झाली. इतका काळ मराठी वाचकांचा मोठा वर्ग या ग्रंथापासून दूर राहिला, त्याला इतरही कारणे होती. पण लिपीची भिंत हे एक मोठे कारण होते, असे आम्हांस वाटते.

देवनागरी खिळ्यांचे युग मराठीसाठी एकोणिसाव्या शतकात उजाडले. १८०५ साली विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपूर येथे देवनागरी अक्षरांसह छापले गेले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने, पुढे गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी यांसारख्या कसबी माणसांनी देवनागरीला देखणे रूप दिले. स्टीफन्स यांना अशक्यप्राय वाटलेले काम ओतारी आणि जुळारी यांच्या हातांनी पार पडले. जुळाऱ्यासमोर खिळ्यांची घरेच्या घरे असत आणि त्यांतील नेमका खिळा तो न पाहता उचलीत असे. क्रूसाचा खिळाही त्यातच एका कोपऱ्यात असे. तो नसेल, तर अधिकचे चिन्ह लावून वेळ मारून नेली जाई.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज घोषित केला आणि लोकभाषेतील मिस्सेचे दार उघडले. आता मराठी उपासनापत्रके धर्माग्रामोधर्मग्रामी लागू लागली. त्यांतील कितीतरी टंकलेखनयंत्रावर झाली. त्या यंत्रावर चिन्हांची संख्या शंभराच्याही आतली. स्टीफन्स यांचे सहाशे साचे तेथे कसे मावणार? जोडाक्षरे मोडून लिहिली जात, आणि क्रूस शेवटी लेखणीने काढला जाई.

त्यानंतर संगणक आला. आरंभीच्या पद्धतीत एका फाँटात जास्तीत जास्त २५६ घरे असत. मराठी फाँट बनविणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसविले. संगणकाच्या लेखी तेथे इंग्रजी अक्षरच असे. फाँट त्यावर मराठीचा अंगरखा चढवी. फाँट नसला की अंगरखा गळून पडे आणि अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग तेवढी उरे. आमच्या पुस्तिकेचे तेच झाले. आम्ही वापरलेल्या चिन्हांच्या फाँटात मोठ्या 'एक्स'च्या घरात माल्टाचा क्रूस बसविलेला होता. छपाईच्या वेळी तो फाँट सुटला, क्रूस गेला, 'एक्स' राहिला.

या गोंधळावर तोडगा म्हणून युनिकोड ही जागतिक संकेतप्रणाली १९९१ साली पुढे आली. तीत प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. देवनागरी तीत पहिल्यापासून आहे, आणि आपल्या उपासनेतील चिन्हांनाही तेथे घरे मिळाली आहेत. चरणाच्या छेद दिलेल्या 'व्ही'चा क्रमांक २१२३, उत्तराच्या 'आर'चा २११एफ, माल्टाच्या क्रूसाचा २७२०, खंजीरचिन्हाचा २०२०. वर्डसारख्या लेखनप्रणालीत 'इन्सर्ट' यादीतील 'सिंबॉल' उघडून ही चिन्हे निवडता येतात. अथवा हा क्रमांक इंग्रजी अंकांत व अक्षरांत टंकून लगेच 'ऑल्ट' आणि 'एक्स' या कळा एकत्र दाबल्या की वर्डमध्ये क्रमांकाच्या जागी चिन्ह उमटते. असा क्रूस फाँट बदलला तरी फुली होत नाही. फार तर रिकामी चौकट दिसेल. पण क्रमांक शाबूत असल्याने योग्य फाँट लावताच तो परत येईल.

आणखी एक बाब आपल्या घराघरांशी निगडित आहे. ॲग्नेस, ॲन्थनी, ॲलेक्स ही नावे आपल्या स्नानसंस्काराच्या वह्यांत सर्वत्र आढळतात. यांतील 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला, तो २००८ साली. तोवर 'अ' लिहून त्यावर अर्धचंद्र द्यावा लागे, आणि पुष्कळदा मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. आजही काही जण जुन्या रीतीने लिहितात, काही नव्या. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात. संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. एखाद्या नातवाने आजी ॲग्नेसची नोंद यादीत शोधली आणि ती जुन्या रीतीने टंकलेली असली, तर 'अशी कोणी नाही' असे उत्तर येऊ शकते. वही आहे, नोंद आहे, नावही आहे. केवळ चिन्हाच्या भेदामुळे माणूस हरवते.

म्हणून वाचक बंधुभगिनींना आमची नम्र विनंती आहे. आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, गीतसंग्रह, कुटुंबांच्या याद्या जुन्या फाँटांत पडून असतील, तर त्या वाचू शकणारी माणसे आणि यंत्रे आहेत तोवर त्या युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात. उतरविल्यावर प्रत्येक 'ॲ', प्रत्येक अर्धा र आणि प्रत्येक क्रूस डोळ्यांखालून घालावा. नावे एकाच रीतीने लिहावयाचे आधी ठरवावे आणि ती रीत वहीच्या पहिल्या पानावर नोंदवून ठेवावी. मूळ कागद मात्र टाकू नये.

फादर स्टीफन्स यांना सहाशे साचे मिळाले नाहीत, म्हणून ते लिहावयाचे थांबले नाहीत; हाती होती ती चोवीस अक्षरे घेऊन त्यांनी पुराण रचले. आपल्या हाती आज त्यांनी मागितलेली सारी अक्षरे आहेत आणि त्यांवर क्रूसही आहे. आमच्या त्या पुस्तिकेच्या प्रत्येक प्रतीतील 'एक्स' आम्ही शेवटी तांबड्या शाईने झाकून त्यावर हाताने क्रूस काढला. ती संध्याकाळ दमवणारी गेली. पण प्रत्येक क्रूस काढताना तो तेथे का आहे, हे आम्हांस पुन्हा एकदा उमगत गेले.